लक्झरी सेडानचं ॲव्हरेज : साताऱ्याच्या रस्त्यांवर रोज चालवणाऱ्याला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गाडी घेऊन चार वर्षं झाली. पंपावर असो, लग्नात असो, नाहीतर पोवई नाक्यावर चहा घेताना असो, पहिला प्रश्न एकच असतो, "लिटरला किती देते?" मग बाजूचा कोणीतरी म्हणतो एवढी महागाची गाडी घेतल्यावर ॲव्हरेज कशाला बघायचं. मला ते अजिबात पटत नाही. गाडी कितीही भारी असू दे, टाकीत पडणारा रुपया कष्टाचाच असतो, आणि आपली गाडी कुठल्या रस्त्याला किती पिते हे मालकाला माहिती असायलाच पाहिजे.

माझी गाडी जर्मन सेडान, २ लिटर डिझेल, आठ गिअरची ऑटोमॅटिक, बीएस६. कराडला दाजींकडं तसलीच २ लिटर टर्बो पेट्रोल आहे. खाली जे आकडे देतोय ते या दोन गाड्यांचे, वहीत लिहिलेले. तुमच्या गाडीला थोडं इकडंतिकडं होईल, पण हिशोब तोच राहील.

थोडक्यात सांगा ना दादा, किती देते?

माझी डिझेल साताऱ्यात गावातल्या गावात लिटरला १० किलोमीटर देते, हायवेला १७-१८, सगळं मिळून महिन्याला १५ ते १६. दाजींची पेट्रोल कराडात ७.५ ते ८, हायवेला १३-१३.५ आणि एकूण ११ च्या आसपास. पण फक्त एवढंच लक्षात ठेवून गाडी घ्यायला जाऊ नका, खालचं पण वाचा, कारण आपल्या भागात रस्ता बदलला की आकडा एकदम बदलतो.

कंपनी तर २० च्या वर सांगते, मग ते खोटं असतं का?

खोटं नसतं, पण ते आपल्या रस्त्यावरचं नसतं. आपल्याकडं विकणाऱ्या गाड्यांचे आकडे टेस्टिंगमधून येतात, पुण्याची एआरएआय हे काम करते. गाडी लॅबमध्ये रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या पद्धतीनं साधारण २० मिनिटं चालवतात, एसी बंद, स्पीड जास्तीत जास्त ९० पर्यंत. त्यात यवतेश्वरचा घाट नाही, आनेवाडी टोलनाक्याची रांग नाही, मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत पेढ्यांचे बॉक्स नाहीत. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला तो आकडा चांगला. मर्सिडीजची सी क्लास २०२२ ला आली तेव्हा कंपनीनं डिझेलचा २३ आणि पेट्रोलचा १६.९ सांगितला होता, म्हणजे डिझेल पेट्रोलपेक्षा किती पुढं हे कळतं, तेवढ्यापुरता तो धरायचा. रोजच्या चालवण्यात त्यातून पाव भाग ते तिसरा भाग वजा करून चला, गावातच जास्त फिरणार असाल तर अजून जास्त.

डिस्प्लेवर दाखवतंय की, मग परत मोजायचं कशाला?

डिस्प्लेवर भरवसा ठेवा पण पूर्ण नाही. माझी गाडी जवळपास प्रत्येक वेळेला खऱ्यापेक्षा एक-सव्वा जास्त दाखवते, दाजींची पण तशीच. इंजिनात किती फवारलं याच्या अंदाजावरून कॉम्प्युटर हिशोब करतो, तो मापानं भरलेला लिटर बघत नाही.

खरं मोजायची पद्धत जुनीच, टाकी टू टाकी. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबा, ट्रिप शून्य करा, निदान ४००-५०० किलोमीटर चालवा आणि शक्यतो त्याच पंपावर परत पहिल्या कटपर्यंत भरा. जेवढे किलोमीटर झाले त्याला जेवढे लिटर बसले त्यानं भागा. पंपावरचा पोरगा राउंड फिगर करायला अजून दाबून भरतो ते करू देऊ नका, एकदा दीड लिटर जास्त बसलं की पुढच्या वेळचा सगळा हिशोब बिघडतो. आणि एका टाकीवर मत बनवू नका, तीन टाक्या तरी बघा.

काही गाड्यांचं सेटिंग १०० किलोमीटरला किती लिटर असं असतं. ६.५ दिसलं म्हणून घाबरू नका, १०० ला त्या आकड्यानं भागायचं, म्हणजे १५.४ आलं.

गावात १० च का? गाडी तर नवीन आहे.

घर ते एमआयडीसी माझं अंतर चार किलोमीटर पण नाही. सकाळी इंजिन थंड, ऑइल जाड, आणि ते गरम व्हायच्या आत मी पोचलेला असतो, म्हणजे रोजचा जवळजवळ सगळा प्रवास थंड इंजिनवरच होतो. वर राजवाड्याकडं जायचं म्हटलं की चढ, बॉम्बे रेस्टॉरंट चौकात थांबा, शाळा सुटायच्या वेळेला तर विचारूच नका. पावणेदोन टनाची गाडी दर शंभर मीटरला थांबवायची आणि परत हलवायची, तिथं डिझेल जातं. पोवई नाक्याखालून ग्रेड सेपरेटर झाल्यापासून तिथलं थांबणं जरा कमी झालंय, मला तरी तो फरक जाणवतो. आणि उभी राहून एसी चालू असली की तासाला अर्धा-पाऊण लिटर नुसता असाच जातो, किलोमीटर शून्य.

ऑटो स्टॉप, म्हणजे गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय, बंद करून टाकणारे बरेच आहेत, त्यांना बॅटरीची भीती वाटते. त्या गाड्यांना बॅटरी त्यासाठीचीच दिलेली असते, असू दे चालू.

कासला जाताना डिस्प्लेवर ११ आला, गाडीत काही प्रॉब्लेम आहे का?

हा प्रश्न फुलांच्या सीझनला दर आठवड्याला येतो, म्हणून जरा नीट लिहितो. प्रॉब्लेम काहीच नाही. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटरवर आहे आणि कास पठार १२०० च्या आसपास, म्हणजे २५ किलोमीटरमध्ये तुम्ही गाडी साडेचारशे मीटर वर उचलताय. गाडी आणि दोन माणसं मिळून १८०० किलो धरा. एवढं वजन तेवढं वर न्यायला साधारण ८० लाख ज्यूल लागतात. एक लिटर डिझेलमध्ये ३६० लाखाच्या आसपास असतात, पण त्यातला तिसरा भागच चाकापर्यंत येतो, बाकी उष्णता होऊन जाते. म्हणजे नुसत्या चढाचे ६००-७०० मिली, सपाट रस्त्याला जे लागलं असतं ते वेगळं. हे कुठल्याही कंपनीच्या गाडीला चुकत नाही, वजन आणि उंची यांचा हा हिशोब आहे.

आता गंमत येताना. उतरताना पाय काढला की गाडी गिअरमध्येच असते आणि इंजेक्टर डिझेल बंद करतात. माझी येताना २५ पर्यंत जाते. मग लोक ११ आणि २५ ची सरासरी काढून १८ म्हणतात आणि टाकी भरल्यावर १५ आलं की पंपवाल्याला शिव्या घालतात! अहो, जाताना २५ किलोमीटरला २.२७ लिटर गेलं, येताना १ लिटर, एकूण ५० किलोमीटरला ३.२७, म्हणजे १५.३. किलोमीटरची बेरीज भागिले लिटरची बेरीज, आकड्यांची सरासरी कधीच काढायची नाही. ही चूक मी स्वतः पहिलं वर्षभर करत होतो आणि उगाचच सर्व्हिस सेंटरला दोन चकरा मारल्या.

पसरणी घाट, मेढ्याहून पुढं केळघर घाट, सज्जनगडचा रस्ता, सगळीकडं हाच नियम. महाबळेश्वरला गाडी भरून चाललाय तर जातानाच्या आकड्याकडं बघूच नका, घरी आल्यावर बघा.

पुण्याला जाताना १८.५ आणि येताना १७, रस्ता तर तोच आहे?

तोच नाही. पुणे आपल्यापेक्षा जवळपास १८० मीटर खाली आहे, आणि हे आकडे लिहिले तेव्हा साताऱ्याकडून जाताना खंबाटकीला आपण बोगद्यातून जायचो तर पुण्याहून येताना घाट चढून यावं लागायचं. ११० किलोमीटरला अर्ध्या लिटरचा फरक त्यातच निघतो. मी कायम जाऊन-येऊन मिळूनच धरतो.

कोल्हापूरकडं जाताना मात्र शेंद्र्यापासून पुढं सहापदरीकरणाचं काम चालू असेल तोवर डायव्हर्जन, सर्व्हिस रोड, कराडला मलकापूरची गर्दी, तिथं हायवेचा आकडा मिळेल असं समजू नका. मला सगळ्यात चांगलं ॲव्हरेज मिळालंय ते कोरेगाव-पुसेगाव-दहिवडी-म्हसवड रस्त्याला, वर्धनगडचा घाट संपला की मोकळा रस्ता, ८० ला क्रूझ लावून गाडी एका लयीत चालते, २० च्या पुढं गेलेली आहे.

घाट उतरताना न्यूट्रलला टाकली तर वाचतं ना?

नाही, आणि कृपा करून हे करू नका. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. गिअरमध्ये पाय काढलेला असताना चाकं इंजिन फिरवतात आणि डिझेल शून्य लागतं. वर न्यूट्रलला ब्रेकवर सगळा भार येतो, एवढी जड गाडी आणि सलग उतार, ब्रेक तापले की पेडल दाबून पण गाडी थांबत नाही. खंबाटकी आणि पसरणीला काय काय झालंय ते आपण सगळ्यांनी बघितलंय. स्टिअरिंगमागच्या गिअरच्या पॅडलनं दोन गिअर खाली घ्या, गाडी आपोआप धरली जाते. सपाटीला इको मोडमध्ये काही गाड्या स्वतःहून इंजिन मोकळं सोडतात, ते वेगळं, ते कॉम्प्युटर बघून करतो.

स्पीडनं किती फरक पडतो?

लई. हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाच्या (स्पीड गुणिले स्पीड) प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरून १०० ला गेलात की दीडपटीच्या वर आणि १२० ला सव्वादोन पट. सेडान बुटकी आणि निमुळती असते म्हणून तिला एसयूव्हीपेक्षा कमी त्रास होतो, तरी माझ्या गाडीचं ८०-८५ ला २०, १०० ला १७.५ आणि १२० ला १४ असं आहे. पुण्यापर्यंत सलग ८५ नं गेलो तर १०० च्या तुलनेत साधारण ११-१२ मिनिटं जास्त लागतात आणि पाऊण लिटर वाचतं. मी आता ९० च्या आसपासच राहतो, पैशापेक्षा डोकं शांत राहतं आणि घरी बायको-पोरं निवांत झोपून येतात. स्पीडचे बोर्ड आणि कॅमेरे तर आहेतच.

एसी बंद करून काचा उघडल्या तर?

गावात ३०-४० ला चालेल, फरक थोडा पडतो. हायवेला काचा उघडल्या की हवा आत घुसून गाडीला मागं ओढते, तिथं एसीच परवडते. ज्या गाडीसाठी एवढे पैसे मोजले तिच्यात घामाघूम होऊन बसू नका.

इको मोडनं खरंच वाढतं का?

गावात थोडं वाढतं, हायवेला एका स्पीडला चालताना जवळपास काहीच नाही. स्पोर्ट मोडला गावात मात्र दीड-दोननं उतरतं कारण गिअर वर जात नाही.

ई२० पेट्रोल आल्यापासून कमी झालंय, हे खरं का अफवा?

खरं आहे, पण काही लोक सांगतात तेवढं नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागं तिसरा भाग ऊर्जा कमी असते. त्यामुळं २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ६-७ टक्के ऊर्जा कमी, आणि आधी जे १० टक्केवालं मिळत होतं त्याच्या तुलनेत ३-४ टक्के. दाजींच्या वहीत ११.४ चं ११ झालेलं दिसतं, हिशोबाला बरोबर बसतं. कोणी म्हणालं लिटरमागं तीन किलोमीटर कमी झाले, तर दुसरं काहीतरी बघा, हवा, स्पार्क प्लग, एअर फिल्टर.

दाजींचा स्वतःचा ऊस कारखान्याला जातो, त्यामुळं इथेनॉलला नावं ठेवणं त्यांच्या जिवावर येतं आणि मला ते समजतं, त्यात आपल्याच भागातल्या शेतकऱ्याचा पैसा आहे. पण पंपावर ई१० आणि ई२० दोन्ही ठेवून गिऱ्हाईकाला निवडू दिलं असतं तर जास्त बरं झालं असतं असं माझं स्पष्ट मत आहे, खास करून ज्यांची गाडी जुनी आहे त्यांच्यासाठी. तुमची गाडी कशाला चालते ते टाकीच्या झाकणाच्या आत आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते वाचा.

पॉवर पेट्रोल टाकलं तर ॲव्हरेज वाढतं का?

ऑक्टेन जास्त म्हणजे ऊर्जा जास्त असं नसतं. झाकणावर ९५ लिहिलं असेल तर ९५ टाका, इंजिनाला बरं. त्याच्या वर पैसे घालून ॲव्हरेज वाढलेलं दाजींना तीन टाक्यांत दिसलं नाही.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर स्टिकर असतं, त्यात दोन माणसांसाठी वेगळी आणि गाडी भरलेली असताना वेगळी लिहिलेली असते, पुढची-मागची पण वेगळी. हवावाला विचारतो "किती, ३०-३०?" आणि आपण मान हलवतो, तसं करू नका. टायर थंड असताना भरा, वाढे फाट्यापर्यंत पळवून आणल्यावर नाही. मी १५ दिवसांनी बघतो. नायट्रोजननं ॲव्हरेज वाढत नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

आणि दिसायला भारी म्हणून मोठे अलॉय आणि रुंद टायर घातले तर ॲव्हरेज जातंच, वर आपल्या रस्त्यावर साइडवॉल फुटायची भीती.

डिझेल गाडीचं ॲव्हरेज मधेच एखाद्या दिवशी ५-६ नं पडतं आणि परत ठीक होतं, असं का?

बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफ असतो, सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारी जाळी समजा. ती भरली की गाडी स्वतःहून जास्तीचं डिझेल वापरून आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. त्या वेळी ॲव्हरेज पडतं, उभ्या गाडीचे आरपीएम जरा वर असतात, गाडी बंद केल्यावर पण पंखा फिरत राहतो. घाबरायचं कारण नाही, पण तेव्हा शक्य असेल तर गाडी बंद करू नका.

खरी अडचण गावातल्या गावात फिरणाऱ्यांची. मागच्या लग्नसराईत दोन महिने मी साताऱ्याच्या बाहेर पडलोच नाही, चार किलोमीटर जा, चार किलोमीटर ये. ॲव्हरेज ८ वर आलं आणि डीपीएफची लाइट लागली. एका गॅरेजवाल्यानं टाकीत ओतायची बाटली दिली, काही झालं नाही, दुसऱ्यानं तर जाळी काढूनच टाकू म्हणून सांगितलं. ते बेकायदेशीर आहे आणि काळा धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो, मी हात जोडले आणि निघालो. मग मॅन्युअल काढून वाचलं आणि रात्री हायवेला काढून उंब्रजपर्यंत गेलो आणि परत आलो, गिअर एक खाली ठेवून २००० आरपीएमच्या आसपास, सलग, न थांबता. येताना लाइट गेलेली. आता आठवड्यातून एकदा २०-२५ मिनिटं हायवेला नेतोच. असं सारखं अर्धवट राहिलं तर न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची लेव्हल वाढलेली दिसली तर लगेच दाखवा.

ॲडब्लूचा खर्च धरायचा का?

धरा, पण छोटा आहे. डिझेलचा धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी असतं, ३२.५ टक्के, वेगळ्या टाकीत. माझ्या गाडीला हजार किलोमीटरला लिटरभर लागतं. संपू देऊ नका, संपलं की बऱ्याच गाड्या परत चालूच होत नाहीत. आणि चुकून डिझेलच्या टाकीत तर अजिबात नाही.

पंपावर कमी मापतात का, कसं ओळखायचं?

शंका आली तर भांडण न करता ५ लिटरचं माप मागा. वजनमापे खात्यानं शिक्का मारलेलं माप प्रत्येक पंपावर असावं लागतं आणि गिऱ्हाईकाला बघायचा हक्क आहे. ५ लिटरला २५ मिली इकडंतिकडं चालतं, त्याच्यावर कमी भरलं तर तक्रार करा. मी चार वर्षांत दोनदा बघितलं, दोन्ही वेळेला बरोबर निघालं.

मग घेताना डिझेल घेऊ, पेट्रोल घेऊ का हायब्रिड?

हिशोबाला डिझेल ९२ आणि पेट्रोल १०५ धरा, रोजचा भाव तुम्ही बघून घाला. माझी १५.५ नं चालते म्हणजे किलोमीटरला ६ रुपयांच्या आत, दाजींची ११ नं साडेनऊ. किलोमीटरला साडेतीन रुपयांचा फरक. महिन्याला हजार किलोमीटर असतील तर वर्षाला ४२-४३ हजार. मग दोन मॉडेलच्या किमतीतला फरक त्यानं भागा, किती वर्षांत निघतो ते दिसेल. फक्त गावात फिरणार असाल तर वर लिहिलेला डीपीएफचा ताप आठवा आणि पेट्रोल घ्या. पुणे-कोल्हापूर सारखं होत असेल तर डिझेल.

हायब्रिडचं, म्हणजे इंजिनाबरोबर बॅटरीवरची मोटर असलेल्या गाडीचं, मला मनापासून कौतुक आहे. टोयोटाची नवी कॅमरी २०२४ च्या डिसेंबरला आली तिचा कंपनीचा आकडा २५.४९ आहे, तो पण पेट्रोलवर. गावात थांबा-चालूमध्ये ब्रेक मारल्यावर बॅटरी भरते, जिथं आमच्या गाड्यांचं वाया जातं तिथंच तिचं वाचतं. कासच्या उतारावर पण तेच. मात्र ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड म्हणजे तशी नाही, तिचा हातभार छोटा असतो, शोरूममध्ये हायब्रिड शब्द ऐकून दोन्ही एकच समजू नका.

वहीत काय काय लिहिता?

तारीख, किलोमीटर, लिटर, पंप, कुठं कुठं फिरलो, गाडीत किती जण होते आणि हवा कधी बघितली. मोबाइलमध्ये ॲप पण आहेत, पण मला वही डॅशबोर्डच्या कप्प्यात बरी वाटते, सर्व्हिसिंगला गेलं की समोर ठेवता येते. परवाची नोंद अशी आहे: ६६२ किलोमीटर, ४१.३ लिटर, १६.०, पुणे दोनदा, म्हसवड नाही, कास नाही, बाकी गाव, पाऊस, एसी चालू, दोन जण.